पोलिसांच्या गोळीचा हिशेब मागणारा न्यायमूर्ती: सासवडच्या तारकुंडेंची गोष्ट

एन्काउंटरची बातमी आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोन गट पडतात. एक गट पोलिसांचं अभिनंदन करतो, पेढे वाटल्याचे व्हिडिओ टाकतो. दुसरा गट विचारतो, हातात बेड्या असलेल्या माणसाने बंदूक हिसकावली कशी? दोन दिवस भांडण चालतं. तिसऱ्या दिवशी नवा विषय येतो आणि सगळे तिकडे वळतात.

या भांडणात एक साधा प्रश्न मात्र राहून जातो. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला, तर ती गोळी कायद्यात बसत होती की नाही हे ठरवायचं कुणी? ज्यांनी गोळी झाडली त्यांनीच, की कोर्टाने?

हा प्रश्न भारतात सगळ्यात आधी जोर लावून विचारणाऱ्यांमध्ये एक मराठी माणूस होता. पुणे जिल्ह्यातल्या सासवडचा. मुंबई उच्च न्यायालयाचा माजी न्यायमूर्ती. नाव विठ्ठल महादेव तारकुंडे. कायद्याच्या वर्तुळात त्यांना भारतातल्या नागरी हक्क चळवळीचे जनक म्हणतात. पण सासवडहून जेजुरीला जाणाऱ्या शंभर जणांना विचारलं तर किती जणांना हे नाव माहीत असेल, याची शंकाच आहे.

म्हणून ही त्यांची गोष्ट.

मॅट्रिकला पहिला आलेला पोरगा

तारकुंडेंचा जन्म ३ जुलै १९०९ चा, सासवडचा. वडील तिथले वकील. ब्राह्मण घरातले असूनही अस्पृश्यतेच्या विरोधात उभे राहणारे. तेव्हाच्या सासवडमध्ये याची किंमत मोजावी लागायची. विठ्ठल लहानपणापासून ते घरातच बघत होता.

पुढच्या शिक्षणासाठी तो पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलला आला. १९२५ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिला आला. तेव्हा इलाखा म्हणजे आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग, गुजरात, सिंध आणि कर्नाटकचा काही भाग. एवढ्या सगळ्यांत पहिला आलेल्या पोराने आधी शेतीचं शिक्षण घेतलं आणि मग तो लंडनला गेला. घरच्यांना वाटत होतं पोरगा आयसीएस होईल, म्हणजे इंग्रज सरकारचा मोठा अधिकारी. परत आला तो बॅरिस्टर होऊन, १९३२ च्या शेवटी.

पुण्यात वकिली सुरू झाली. सोबत खेड्यापाड्यात फिरणं, काँग्रेस समाजवादी पक्षाचं काम. थोड्याच वर्षांत त्यांची गाठ एका विलक्षण माणसाशी पडली. मानवेंद्रनाथ रॉय. एकेकाळी रशियात लेनिनसोबत बसून जगभरातल्या क्रांतीचा आराखडा मांडणारे, नंतर कम्युनिस्टांपासून दूर झालेले रॉय. महाराष्ट्रात त्यांच्या विचारांचा एक मोठा गट होता. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यातलेच. तारकुंडेही त्यात गेले आणि पुढे आयुष्यभर रॉयवादीच राहिले.

गर्दीच्या उलट दिशेने

१९४२ साल आलं. देशभर छोडो भारतचं वारं. आणि रॉय यांचं म्हणणं होतं की आधी हिटलरला हरवलं पाहिजे, म्हणून युद्धात ब्रिटिशांना साथ द्या. विचार करा, त्या वेळी हे बोलणाऱ्या माणसाला लोक काय म्हणाले असतील. देशद्रोही हा शब्द तेव्हाही होता.

तारकुंडे तेहतीस वर्षांचे होते. त्यांनी चालती वकिली बंद केली आणि रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचं पूर्णवेळ काम सुरू केलं. पुढे ते पक्षाचे सरचिटणीस झाले. रॉय यांची ती भूमिका बरोबर होती की चूक, यावर आजही वाद होतो. पण सगळे एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला उभं राहायची सवय तारकुंडेंना इथे लागली, आणि ती पुढे फार कामाला आली.

१९४८ मध्ये रॉय यांनी पक्षच बरखास्त केला. पक्षाच्या राजकारणातून माणूस स्वतंत्र होत नाही, असं त्यांचं मत बनलं होतं. तारकुंडे मुंबईत परतले, पुन्हा काळा कोट चढवला. १९५७ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तिथे बारा वर्षं काढली आणि उत्तम न्यायाधीश म्हणून नाव कमावलं.

दोन वर्षं आधीच खुर्ची सोडली

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. तारकुंडेंनी साठीतच, १९६९ मध्ये, पद सोडलं. कुणी काढलं नव्हतं, कुठलं लफडं नव्हतं. त्यांना सार्वजनिक काम करायचं होतं आणि न्यायमूर्तीच्या खुर्चीत बसून ते करता येत नाही.

ते दिल्लीला गेले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. रॅडिकल ह्युमॅनिस्ट या मासिकाचं संपादन हाती घेतलं. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासोबत सिटिझन्स फॉर डेमोक्रसी ही संघटना उभी केली. निवडणूक सुधारणांसाठी जेपींनी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणा, ही शिफारस त्या समितीने १९७५ साली केली होती. तो बदल घटनेत व्हायला पुढे १३-१४ वर्षं लागली. आज तुम्ही अठराव्या वर्षी बोटाला शाई लावून सेल्फी टाकता, त्यामागे इतर अनेकांसोबत हा सासवडकरही आहे.

ही झाली पहिली तारकुंडे समिती. आपली गोष्ट दुसऱ्या तारकुंडे समितीची आहे. पण त्याआधी आणीबाणी.

पोलिसाने मारलं तर दाद कुठे मागायची?

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. हजारो लोक तुरुंगात गेले. त्यांच्या घरच्यांनी ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. हेबियस कॉर्पस म्हणजे काय, तर या माणसाला कुठल्या कायद्याने धरलंय ते कोर्टासमोर सांगा, नाहीतर सोडा, अशी मागणी. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी असा अर्ज ऐकता येईल. सरकार त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं. हाच तो गाजलेला एडीएम जबलपूर खटला.

कैदेतल्या लोकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तारकुंडे होते. सोबत शांतिभूषण, सोली सोराबजी, राम जेठमलानी अशी मंडळी.

या सुनावणीत एक प्रसंग घडला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारी बाजू मांडणाऱ्या ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर त्यावर काही उपाय आहे का? डे यांनी सरकारच्या युक्तिवादाचा शेवट जिथे होत होता तेच उत्तर दिलं: आणीबाणी असेपर्यंत नाही.

म्हणजे पोलिसाने माणूस मारला तरी कोर्टाचं दार बंद, असं देशाच्या सर्वात मोठ्या वकिलाने भर कोर्टात मान्य केलं. आणि २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला तो चार विरुद्ध एक असा सरकारच्या बाजूने. एकटे खन्ना विरोधात होते. पुढे सरन्यायाधीशपदाच्या वेळी त्यांना डावललं गेलं. हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने अखेर २०१७ साली चुकीचा म्हणून मोडीत काढला.

१९७६ मध्येच जेपी आणि तारकुंडेंनी आणखी एक संघटना सुरू केली. तिचं पुढचं रूप म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

गिरायपल्लीचं जंगल

कोर्टात तो प्रश्न तत्त्वाचा होता. तिकडे आंध्र प्रदेशात तो खरोखर घडून गेला होता.

आणीबाणी लागून बरोबर एक महिना झाला होता. जुलै १९७५ ची अखेर. मेदक जिल्ह्यातल्या गिरायपल्लीच्या जंगलात चार तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. विद्यार्थी चळवळीतली पोरं. पोलिसांनी सांगितलं की हे नक्षलवादी होते, चकमक झाली, त्यांनी गोळीबार केला म्हणून आम्हालाही करावा लागला.

वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. कोर्टाचं दार बंद होतं. घरच्यांनी विचारायचं कुणाला? आणि हे एकच प्रकरण नव्हतं. आंध्रात त्या काळात अशा अनेक चकमकींच्या बातम्या येत होत्या आणि बहुतेकींची कथा एकसारखी होती. जंगल, रात्र किंवा पहाट, समोरून गोळीबार, पोलिसांचं प्रत्युत्तर, नक्षलवादी ठार. पोलिसांकडे मात्र जखमी फारसं कुणी नाही.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि दिल्लीत जनता पक्षाचं सरकार आलं. आंध्रात उलटं होतं. तिथे लोकसभेच्या ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसला मिळाल्या, आणि राज्यात जलगम वेंगलराव यांचं काँग्रेस सरकार होतं तसंच राहिलं. म्हणजे ज्यांच्या काळात या चकमकी झाल्या, तेच सत्तेत.

एप्रिल १९७७ मध्ये जेपींनी या चकमकींचा तपास करायला नागरिकांची समिती नेमली. अध्यक्ष तारकुंडे. समितीत कोण होतं बघा. ओडिशाचे माजी मुख्यमंत्री नवकृष्ण चौधरी. पत्रकार बी. जी. वर्गीस आणि अरुण शौरी. वारंगलचे लोककवी काळोजी नारायणराव, ज्यांचे वडील मराठी. आणि हैदराबादचे वकील के. जी. कन्नबिरन, जे पुढे या विषयाचा देशातला सगळ्यात मोठा आवाज झाले.

यातले बहुतेक जण नक्षलवादाच्या जवळपासही नव्हते. तारकुंडे तर रॉयवादी, सशस्त्र क्रांतीचा मार्ग त्यांना मान्यच नव्हता. तरी ते गेले. मेलेला माणूस आपल्या विचाराचा होता का, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने तपासात येतच नव्हता.

खोटं कसं पकडायचं?

या समितीकडे सरकारी अधिकार काहीच नव्हते. कुणाला समन्स काढता येत नव्हता. पोलिसांना साक्षीला बोलावता येत नव्हतं. मग एक निवृत्त न्यायमूर्ती आणि त्यांचे साथीदार करणार काय?

त्यांनी गावात जाऊन माणसांशी बोलायला सुरुवात केली. आणि पकड एका सोप्या प्रश्नावर ठेवली: मेलेला माणूस जिवंत असताना शेवटचा कुठे दिसला, आणि कुणासोबत?

हे का महत्त्वाचं, ते समजून घ्या. जंगलात मध्यरात्री काय झालं याचे साक्षीदार फक्त पोलीस असतात. त्यांची कथा खोटी पाडणं जवळपास अशक्य. पण चकमकीच्या आधी काय झालं याला साक्षीदार असतात. कुणाला घरातून उचललं, कुणाला बाजारातून, कुणाला ठाण्यात पाहिलं. माणूस चकमकीआधीच पोलिसांच्या ताब्यात होता हे एकदा सिद्ध झालं, की पुढची सगळी कथा कोसळते. कोठडीतला माणूस जंगलातून पोलिसांवर गोळीबार कसा करेल?

गिरायपल्लीच्या बाबतीत समितीचा निष्कर्ष असाच निघाला. ती चार पोरं आधीच पकडली गेली होती, त्यांचा छळ झाला होता, आणि मग जंगलात नेऊन झाडांना बांधून त्यांना गोळ्या घातल्या होत्या. चकमक झालीच नव्हती. समितीने इतर प्रकरणंही तपासली आणि तिथेही हीच पद्धत दिसल्याचं सांगितलं. मे १९७७ मध्ये पहिला अहवाल केंद्र सरकारकडे गेला.

आज आपण याला फॅक्ट फाइंडिंग म्हणतो. एखादी घटना झाली की वकील, पत्रकार, प्राध्यापक मिळून जातात, लोकांशी बोलतात, अहवाल काढतात. भारतात ही पद्धत घट्ट रुजली त्यात तारकुंडे समितीचा वाटा मोठा आहे.

आयोग आला आणि दार पुन्हा बंद झालं

अहवालाने देशभर खळबळ माजली. दबाव इतका वाढला की आंध्र सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती वशिष्ठ भार्गव त्याचे प्रमुख.

सुरुवातीला सुनावणी उघड होती. लोक येऊन बसत, वर्तमानपत्रांत छापून येई. कन्नबिरन समितीच्या बाजूने पोलीस अधिकाऱ्यांची उलटतपासणी घेत होते. ज्यांना कधी कुणी जाब विचारला नव्हता ते वर्दीतले अधिकारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून तारीख, वेळ, अंतर, गोळ्या यांचा हिशेब देत होते. आंध्रातल्या लोकांनी असं दृश्य आधी पाहिलं नव्हतं.

आणि मग राज्य सरकारने ठरवलं की पुढची सुनावणी बंद दाराआड व्हावी.

बंद दाराआड म्हणजे लोक नाहीत, पत्रकार नाहीत. खेड्यातला साक्षीदार एकटा आणि समोर पोलीस. समितीने यात भाग घ्यायला नकार दिला आणि बाहेर पडली. त्या आयोगातून लोकांच्या हाती काही लागलं नाही. गिरायपल्लीच्या चार पोरांच्या मृत्यूबद्दल कुणाला शिक्षा झाली नाही.

इथे थांबून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तारकुंडे ही लढाई हरले. माजी न्यायमूर्ती, जेपींचा पाठिंबा, दिल्लीत मित्रांचं सरकार, देशभरची वर्तमानपत्रं, एवढं सगळं असूनही हरले. मग साध्या माणसाचं काय होत असेल?

एन्काउंटरची फाइल बंद कशी होते?

हे होतं कसं, त्यासाठी थोडा कायदा बघू.

भारतात पोलिसांना माणूस मारण्याचा वेगळा परवाना नाही. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी समोरच्याला मारण्याचा जो हक्क तुम्हाला-मला आहे, तोच पोलिसाला आहे. अटक करताना बळ वापरता येतं. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा आरोप नाही त्याचा जीव घेता येत नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. आणि स्वसंरक्षणाचं कारण देणाऱ्याने ते कोर्टात दाखवावं लागतं. तुम्ही कुणाला मारलं आणि म्हणालात की तो माझ्यावर चालून आला होता, तर पोलीस तुम्हाला घरी सोडत नाहीत. गुन्हा नोंदतात, तपास होतो आणि मग कोर्ट ठरवतं.

एन्काउंटरमध्ये वर्षानुवर्षं उलटं होत आलं. गुन्हा नोंदला जायचा, पण मेलेल्या माणसावर. पोलिसांच्या खुनाचा प्रयत्न केला म्हणून. आता आरोपी मेलेला, म्हणजे खटला कुणावर चालवणार? फाइल बंद. मारणाऱ्यावर गुन्हाच नाही, त्यामुळे तपासही नाही. आणि तपास झालाच तर त्याच ठाण्याचे सहकारी करणार. वर सरकारी कामात झालेल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा तर आधी सरकारची परवानगी लागते, असा मुद्दा पुढे येतो.

तारकुंडे समितीचा सगळा भर या गाठीवर होता. पोलिसांच्या गोळीने झालेला प्रत्येक मृत्यू हा आधी एक मृत्यू म्हणून नोंदवा. त्याचा स्वतंत्र तपास करा. मग पोलीस खरंच जीव वाचवत होते असं निघालं तर ते सुटतील. पण ते कोर्टातून सुटू देत.

प्रामाणिक पोलिसाचंही यात नुकसान नाही. खरी चकमक केलेल्या माणसाला तपासाची भीती कशाला? उलट तपासच झाला नाही, तर खरी चकमक आणि खोटी चकमक यांतला फरक कायमचा पुसला जातो.

सरकार कुणाचंही असो

आणीबाणी संपल्यावर अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि हक्कांची कामं बंद केली. तारकुंडेंनी तसं केलं नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये पीयूसीएलची नव्याने उभारणी झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

मग पंजाब पेटला. १९८५ मध्ये सिटिझन्स फॉर डेमोक्रसीने तिथल्या पोलिसी अत्याचारांवर अहवाल काढला, त्याची प्रस्तावना तारकुंडेंची होती. सरकारने प्रती जप्त केल्या, अहवालाशी संबंधित लोकांवर गुन्हे लावले. १९९० मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, ते काश्मीरला पाहणी करायला गेले. दरवेळी शिव्या ठरलेल्या. नक्षलवाद्यांचे वकील, खलिस्तान्यांचे वकील, देशद्रोही. १९४२ पासून ऐकत आलेला माणूस, त्याला त्याचं काय!

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र हलका नाही. दहशतवाद्यांच्या गोळीने पोलीसही मरतात, त्यांच्या हक्कांचं काय? रॉयवाद्यांचं उत्तर कायम एकच राहिलं. दहशतवादी गुन्हेगार आहे, त्याला पकडा आणि शिक्षा द्या. पण राज्याच्या हातातली बंदूक कायद्याने दिलेली आहे. तीच कायदा मोडू लागली, तर दाद मागायला दुसरी जागा उरत नाही. हे उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. पण एडीएम जबलपूरच्या सुनावणीत दाद मागायची जागा नसणं म्हणजे काय, हे तारकुंडेंनी समोर बसून ऐकलं होतं.

१९७८ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्कार मिळाला होता, १९९८ मध्ये पद्मभूषण मिळालं. २२ मार्च २००४ रोजी दिल्लीत, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आणि मग मुंबईची फाइल उघडली

गिरायपल्लीत जे मिळालं नाही ते हळूहळू, तुकड्यातुकड्याने मिळत गेलं.

१९९७ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून एन्काउंटर मृत्यूंच्या तपासाची पद्धत घालून दिली. यामागे आंध्रातल्याच नागरी हक्क संघटनेची तक्रार होती. कन्नबिरन अनेक वर्षं या संघटनेचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरमधल्या दोघांच्या खोट्या चकमकीत त्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. याचिका पीयूसीएलची.

दरम्यान आपल्या मुंबईत काय चाललं होतं? गँगवॉरचे दिवस. एन्काउंटर स्पेशालिस्ट हा शब्द घराघरात पोचला, सिनेमे निघाले. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. पीयूसीएल मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या खंडपीठाने निकाल देऊन १६ नियम घालून दिले, आणि ते देशभर कायद्यासारखे पाळायला सांगितले.

त्यातले मोठे नियम असे. एन्काउंटरमध्ये मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचाच. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, ज्यांनी गोळी झाडली त्यांच्या ठाण्याने नाही. मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हायलाच हवी. पोलिसांनी वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं चित्रीकरण करायचं. मृताच्या नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. आणि नियम पाळले नाहीत असं वाटलं तर घरचे लोक सत्र न्यायाधीशाकडे तक्रार करू शकतात.

हे सोळा नियम वाचताना १९७७ चं आंध्र आठवतं. तेव्हा समिती जे मागत होती, त्याचाच मोठा भाग सदतीस वर्षांनी निकालात आला. तोपर्यंत तारकुंडेंना जाऊन दहा वर्षं झाली होती.

शिक्षाही होऊ शकते, हे महाराष्ट्रातच दिसलं. २००६ च्या लखनभैया एन्काउंटर प्रकरणात मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये २१ जणांना दोषी ठरवलं, त्यांत १३ पोलीस होते. त्यातून सुटलेल्या एका नामांकित एन्काउंटर स्पेशालिस्ट अधिकाऱ्यालाही मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप सुनावली. तिथेही सगळं फिरलं ते त्याच जुन्या प्रश्नावर: मेलेला माणूस त्या दिवशी आधी कुठे होता, आणि त्याला कुणी उचललं होतं?

पुन्हा तेच राज्य, पुन्हा चार जण

६ डिसेंबर २०१९. हैदराबादजवळ एका डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिचा खून केल्याच्या प्रकरणातले चार आरोपी पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले. घटनेची उजळणी करायला नेलं होतं, त्यांनी पिस्तुलं हिसकावली, असं पोलिसांनी सांगितलं. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असतील, कदाचित शेअरही केले असतील. गुन्हा इतका भयानक होता की राग येणं साहजिकच होतं.

सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. प्रमुख होते महाराष्ट्रातलेच निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २०२२ मध्ये आयोगाचा अहवाल लोकांसमोर आला. गोळ्या जीव घेण्याच्याच हेतूने झाडल्या होत्या, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असं त्यात म्हटलं होतं. पुढची कारवाई उच्च न्यायालयातल्या वादात अडकली.

गिरायपल्ली ज्या मेदक जिल्ह्यात होतं तो भागही आता तेलंगणातच येतो. एकाच राज्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने दोनदा चार-चार जण मेले, आणि दोन्ही वेळा महाराष्ट्रातून आलेल्या माजी न्यायमूर्तींनी पोलिसांची कथा खोटी ठरवली. फरक एवढाच, की तारकुंडेंच्या हातात साधा समन्स काढायचा अधिकार नव्हता आणि सिरपूरकरांच्या मागे सर्वोच्च न्यायालय उभं होतं. तेवढं अंतर कापायला एका पिढीचं आयुष्य गेलं.

नियम आता कागदावर आहेत. ते पाळले जातात की नाही, हे पुढच्या बातमीच्या वेळी आपल्यालाही तपासता येतं. पुढचा व्हिडिओ फॉरवर्ड करायच्या आधी एवढंच बघा: गुन्हा कुणावर नोंदला गेला? तपास कुणाकडे दिला? मॅजिस्ट्रेटची चौकशी सुरू झाली का? आणि तो माणूस मरायच्या आधी शेवटचा कुठे दिसला होता?